गळ पाण्यात किती वेळ होता? खान्देशात गळाच्या स्पर्धेला उतरणाऱ्या नवख्यांसाठी

गेल्या हिवाळ्यात चोपड्याकडच्या एका पाझर तलावावर एका अठरा वर्षांच्या मुलाला मी पहिल्यांदा सरावाला बसवलं. लहानपणापासून तापीत गळ टाकणारा पोरगा. हात तयार, लागलेला मासा सहसा सुटू न देणारा. सराव चार तासांचा होता. त्याला न सांगता मी मागे घड्याळ घेऊन बसलो आणि गळ पाण्यात असेल तेवढाच वेळ मोजत राहिलो. चार तासांपैकी दोन तास दहा मिनिटं भरली. बाकीचा वेळ तंगुसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीचा, गुंता सोडवण्यात, नवा गळ बांधण्यात, कणीक पुन्हा मळण्यात आणि मासा उचलायची हातजाळी शोधण्यात गेला. शेजारच्या जागेवरचा मुलगा त्याच्याहून कमी अनुभवाचा, पण उठताना मासे ठेवायच्या, पाण्यात सोडलेल्या त्याच्या जाळीत दीडपट वजन होतं.

नदीवर वेळ आपला असतो, स्पर्धेत तो पंचांच्या शिट्टीचा असतो. तुम्हाला मासा धरता येतो हे मी गृहीत धरतो, खान्देशात नदीकाठी वाढलेल्या बहुतेकांना येतो. हा लेख आहे तो गळ पाण्यात जास्तीत जास्त वेळ, योग्य खोलीवर आणि योग्य चाऱ्यात कसा राहील याबद्दल.

खेळ थोडक्यात

तलावाच्या काठावर ठराविक अंतरावर खुंट्या ठोकून जागा आखतात. प्रत्येक जागेला क्रमांक असतो. सकाळी चिठ्ठ्या निघतात आणि ज्याला जो क्रमांक येईल त्याने तिथेच बसायचं. जागा बदलून मिळत नाही. मांडामांडीला वेळ मिळतो, मग शिट्टी होते आणि चार-पाच तास सगळे एकाच वेळी गळ टाकतात. शेवटच्या शिट्टीनंतर प्रत्येकाच्या जाळीतल्या माशांचं वजन होतं आणि मासे जिवंत पाण्यात परत जातात.

एका वेळी एकच गळ पाण्यात. हाताशी चार काठ्या तयार ठेवल्या तरी चालतात, पाण्यात मात्र एकच. नवख्यांच्या हातून हा नियम सगळ्यात जास्त मोडतो, कारण धरणावर दोन-तीन गळ लावून बसायची आपली सवय.

मोठ्या स्पर्धेत काठाचे विभाग पाडतात. तीस जण असतील तर दहा-दहांचे तीन. विभागात पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, दहाव्याला १०. ज्या संघाच्या गुणांची बेरीज सर्वात कमी, तो जिंकतो. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५७ पासून होत आली आहे आणि त्यात संघाचे पाच जण पाच वेगवेगळ्या विभागांत बसतात. इंग्लंडचा बॉब नड चार वेळा आणि त्याच देशाचा ॲलन स्कॉटहॉर्न पाच वेळा वैयक्तिक जगज्जेता झाला. पाणी दर वर्षी वेगळं, देश वेगळा, जागा चिठ्ठीने मिळालेली, तरीही तीच माणसं पुन्हा पुन्हा वर येतात. नशिबाचा वाटा या खेळात आहेच, पण लोक समजतात त्यापेक्षा बराच लहान.

पाणी कुठलं, परवानगी कोणाची

हतनूर, वाघूर, गिरणा, अनेर अशी धरणं आपल्याकडे आहेत, शहरांजवळ जळगावचा मेहरूण आणि धुळ्याचा नकाणे तलाव आहे. तरी सुरुवात धरणावर करू नका. तिथे काठ उतरता, पाण्याची पातळी बदलती आणि मासा कुठे असेल याचा नेम नाही. गावाजवळचा पाझर तलाव किंवा मासे सोडलेलं खासगी तळं उत्तम. तिथे बीज कोणतं सोडलंय हे माहीत असतं आणि दहा-बारा जण ओळीत बसू शकतात.

बहुतेक तलावांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेच्या लोकांना आधी भेटा. पाण्यातला मासा ही त्यांची कमाई आहे, तुमचा खेळ त्यानंतर. मासे परत सोडणार, जाळं टाकणार नाही, एवढं नीट सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ते समजून घेतात. एका संस्थेच्या म्हाताऱ्या भोई आबांनी आमच्या मुलांना एक वाक्य सांगितलं, ते मी अजून वापरतो: "पहिले पानी देख, मंग गय टाक." गय म्हणजे गळ.

पावसाळ्यात स्पर्धा नको. मासा तेव्हा अंड्यावर असतो, आणि वरून पाणी सोडलं की धरणाखालचं नदीपात्र बघता बघता भरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. मार्चनंतर का नको, ते पुढे सांगतो.

शेततळ्यावर सराव करणार असाल तर एक गोष्ट मनावर घ्या. प्लास्टिकच्या कागदाचा उतार ओला झाला की पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. गाठी मारलेला जाड दोर काठावर पक्का बांधून पाण्यात सोडलेला हवा, जवळ हवा भरलेली ट्यूब हवी आणि एकट्याने तिथे जायचंच नाही. काठीचा स्टँडही कागदात खुपसू नका, शेतकऱ्याचं तळं गळायला लागेल. दुसरी सूचना विजेच्या तारांची. आपल्याकडे तलावाच्या पाळीवरून मोटारींच्या तारा जातात आणि कार्बनच्या काठीतून वीज वाहते. तारेपासून निदान ३० मीटर लांब बसा आणि काठी उभी धरून तारेखालून चालू नका.

साहित्य

सुरुवातीला रीळ नको. चार-पाच मीटरची साधी घडीची काठी आणि काठीपेक्षा किंचित आखूड तंगूस. या मांडणीत मासा उचलला की सरळ हातात येतो, गुंता कमी होतो आणि दर खेपेला गळ त्याच जागी पडतो. परदेशातले खेळाडू १३ मीटरपर्यंतच्या जोडकाठ्या वापरतात. त्या महाग आहेत आणि पहिल्या दोन वर्षांत त्यांच्यावाचून काही अडत नाही.

मुख्य तंगूस ०.१८ मिलिमीटरचा, गळाजवळचा वीतभर तुकडा त्याहून बारीक, ०.१४ किंवा ०.१६ चा. मोठा मासा ओढून गेला तर तेवढाच तुकडा तुटतो, वरचं सगळं शाबूत राहतं. असे गळ बांधलेले वीस तुकडे घरूनच करून न्या आणि पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा. तुटला की नवा अडकवायला अर्धा मिनिट लागतो, काठावर बसून बांधायला पाच. गळ १० ते १४ क्रमांकाचे. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात विसरू नका. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. तंगूस ताणलेला राहिला तर सपाट गळावरूनही मासा सुटत नाही. उलट गळ पटकन निघतो, माशाचं तोंड फाटत नाही आणि तुमचा वेळ वाचतो.

तरंगासाठी, म्हणजे मासा लागल्याची खूण देणाऱ्या पाण्यावरच्या काडीसाठी, मोराच्या पिसाचा दांडा किंवा ज्वारीच्या धांड्याचा तुकडा अजूनही चांगला. दांड्याचं फक्त टोक पाण्यावर दिसेल इतके शिशाचे मणी लावा. तरंग जाडजूड आणि अर्धा वर असेल तर रोहू चाखून निघून जातो आणि तुम्हाला कळतही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकसारख्या मांडणीच्या दोन काठ्या. एकीचा गुंता झाला की ती मागे ठेवायची आणि दुसरी उचलायची. त्या अठरा वर्षांच्या मुलाचा अर्धा तास एवढ्यानेच वाचला.

मासा कोणत्या थरात

माशाचं तोंड बघितलं की त्याचं जेवण कळतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली, तो तळ चाळतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) हाही तळाशीच, गाळ उकरत, आणि तो उकरायला लागला की तरंगाजवळ बुडबुडे येतात. चिलापी (तिलापिया) काठाजवळ, झुंडीने, आणि जवळपास काहीही खाते.

नवखा माणूस चिलापीकडे बघत नाही, त्याला कटला हवा असतो. इथे हिशेब करावा. चार तास म्हणजे २४० मिनिटं. शंभर ग्रॅमची चिलापी दर तीन मिनिटांना एक लागली तर ८० मासे, म्हणजे आठ किलो. दीड किलोच्या दोन रोहूंची वाट बघत बसलेला माणूस तीन किलोवर थांबतो. मोठ्या माशाचा मोह मलाही आहे. म्हणून मी सांगतो, पहिला तास लहान मासा धरा, जाळीत वजन पडू द्या, मग मोठ्यासाठी वेगळी मांडलेली काठी उचला.

खोली मोजणं

मांडामांडीच्या वेळात नव्वद टक्के नवखे चारा कालवत बसतात आणि खोली मोजत नाहीत. गळाला जड शिसं अडकवा आणि तरंग वर-खाली सरकवत टोक नेमकं पाण्यावर येईपर्यंत बघा. मग तेच एक हात डावीकडे, एक हात उजवीकडे, काठाजवळ आणि काठीच्या टोकाखाली. पाझर तलावाच्या तळाला बहुतेक वेळा जुन्या नाल्याचा खोलगट पट्टा असतो. हिवाळ्याच्या सकाळी मासा त्या पट्ट्यात असण्याची शक्यता जास्त, ऊन चढलं की तो उथळाकडे सरकतो. दोन्ही खोल्यांची खूण काठीवर चिकटपट्टीने करून ठेवा, म्हणजे स्पर्धेत पुन्हा मोजावं लागत नाही.

चारा: खान्देशी माणसाची खरी ताकद

परदेशी चाऱ्याच्या पिशव्या मागवू नका. आपल्या घराघरात त्याहून चांगला माल आहे. माझं प्रमाण असं: शेंगदाण्याची पेंड कुटून एक किलो, भाताचा कोंडा एक किलो, मक्याचा बारीक भरडा तव्यावर खरपूस भाजून अर्धा किलो, डाळ्याचं पीठ पाव किलो. वासासाठी मूठभर भाजलेली बडीशेप कुटून. हे आदल्या रात्री कोरडंच एकत्र करा.

पाणी तलावाचंच घाला आणि थोडं थोडं घाला. एकदम ओतलं की चिखल होतो आणि तो परत कोरडा होत नाही. ओलावून वीस मिनिटं झाकून ठेवा, पेंड पाणी पिते. मग पुन्हा हलका शिपका आणि पिठाच्या मोठ्या चाळणीतून चाळून घ्या. चाळणं हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण गुठळ्या राहिल्या तर मासा त्या गुठळ्या खाऊन पोट भरतो आणि तुमच्या गळाकडे येत नाही. चारा माशाला बोलवण्यासाठी असतो, जेवू घालण्यासाठी नाही.

आता परीक्षा. मुठीत दाबून लिंबाएवढा गोळा करा आणि पाणी भरलेल्या बादलीत सोडा. तळापर्यंत अख्खा जाऊन दोन-तीन मिनिटांत फुटला तर तो मृगळ आणि सायप्रिनससाठी. सोडल्या सोडल्या विरघळत ढगासारखा पसरला तर तो कटला-रोहूसाठी. कोंडा वाढवला की गोळा लवकर सुटतो, डाळ्याचं पीठ वाढवलं की घट्ट बसतो. हे हाताला कळायला पाच-सहा वेळा चुकावं लागतं, घरी चुका.

गळाला लावायला गव्हाची कणीक, आणि तिच्यात पिकून काळं पडलेलं केळं. पाणी न घालता निव्वळ केळ्यात मळायची. रावेर-यावल-चोपड्याच्या माणसाला केळ्यासाठी बाजारात जावं लागत नाही. ही कणीक लोण्यासारखी मऊ हवी, पण काठी फिरवताना सुटायला नको. मळून झाली की ओल्या फडक्यात गुंडाळा, आपल्या कोरड्या हवेत ती अर्ध्या तासात कडक होते. सोबत गांडुळं ठेवा. थंड सकाळी कणकेला हात न लावणारा मासा अर्ध्या गांडुळाला येतो.

चारा टाकण्याची लय हीच या खेळाची नाडी. सुरुवातीला एकाच जागी पाच-सहा गोळे, आणि नंतर दर खेपेला गळ टाकला की चिमूटभर चारा तरंगाच्या अंगावर. मासा लागो न लागो, चिमूट चुकवायची नाही. मासे भराभर लागू लागले की नवखा आनंदात चारा टाकायचा विसरतो आणि वीस मिनिटांनी म्हणतो, "मासा गेला". मासा स्वतःहून गेला नाही, त्याचं ताट रिकामं झालं. उलटही होतं. मासा लागेना म्हणून घाबरून ओंजळीने चारा ओततात. तेव्हा चारा निम्मा करा, गळाची खोली बदला आणि दहा मिनिटं थांबा.

स्पर्धेचा दिवस

अंधारात पोहोचा. चिठ्ठी निघाली की जागेवर जाऊन आधी पाच मिनिटं काहीही काढू नका. वारा कुठून आहे, पाण्यावर बुडबुडे कुठे आहेत, बाभळीची सावली किती वाजेपर्यंत राहील, हे बघा. मग बसायची जागा ठरवा. कणीक, गळाचे तुकडे, हातजाळी, चाऱ्याची बादली हे सगळं मान न वळवता हाताला लागलं पाहिजे. हातजाळी उजव्या हाताला आणि तिचं तोंड पाण्यात भिजलेलं.

शिट्टी झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात शेजाऱ्याकडे बघू नका. नंतर जरूर बघा: तो वर धरतोय की तळाशी, लांब की जवळ. लपवण्यासारखं त्यात काही नाही, सगळेच बघतात. एकाच प्रकाराने पंधरा मिनिटं काही लागलं नाही तर एक गोष्ट बदला, फक्त एक. खोली, आमिष आणि जागा एकदम बदलली तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

शेवटच्या शिट्टीला मासा पाण्याबाहेर आलेला असेल तरच तो मोजायचा, असा आमचा नियम. काही ठिकाणी लागलेला मासा ओढायला वेळ देतात. सकाळीच पंचांना विचारून घ्या, नंतरचा वाद कोणालाच शोभत नाही.

मासा जिवंत परत गेला पाहिजे

इथे मी कोणाचंच ऐकत नाही. २० अंशाच्या पाण्यात एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाच्या पाण्यात साडेसात. पाणी तापलं की माशाची गरज वाढते आणि साठा कमी होतो. आपल्याकडे एप्रिल-मेत भुसावळ-जळगावचा पारा ४५ पर्यंत जातो. त्या दिवसांत काठाच्या कोमट पाण्यात जाळीत कोंबलेला मासा तास-दोन तासांत उलटा होतो. म्हणून मार्चनंतर स्पर्धा नको. सराव करायचाच असेल तर सूर्योदयापासून नऊपर्यंत, आणि प्रत्येक मासा तिथल्या तिथे तोलून, वहीत लिहून, लगेच सोडून.

हिवाळ्यातही जाळी लांब हवी, तिचं टोक खोल पाण्यात हवं आणि विण बिनगाठींची मऊ हवी. गाठींच्या जाळ्याने खवले निघतात आणि नंतर तिथे बुरशी धरते. माशाला कोरड्या हाताने धरू नका. त्याच्या अंगावरचा चिकट थर हे त्याचं कवच आहे. वजन करताना ओल्या झोळीत घेऊन काट्याला लटकवा, कल्ल्यात बोट घालून नाही.

"मासे सोडायचे तर मग धरायचे कशाला?" हा प्रश्न गावात हमखास येतो, आणि तो प्रामाणिक असतो. मी सांगतो की मासा संस्थेचा आहे आणि पुढच्या रविवारीही तो इथेच हवा आहे. चिलापी मात्र काही संस्थांना तलावात नकोच असते, ती त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या हवाली करा. आणि जेवणाचं म्हणाल तर हिवाळ्यात पाळीवर काट्या पेटवून भरताची वांगी भाजली जातात, कळण्याची भाकरी असते. वजनं होईपर्यंत भरीत तयार होतं.

शिकवणाऱ्यासाठी

पहिल्या दिवशी पाण्याजवळ नेऊच नका. अंगणात दोरीचं कडं ठेवा आणि तरंग त्यात पडेपर्यंत काठी फिरवायला लावा, सलग वीस वेळा. मग गळ बांधणं, घड्याळ लावून दहा. इंग्लंडमध्ये अँगलिंग ट्रस्टसारखी संस्था प्रशिक्षकांना पायरीपायरीने तयार करते. आपल्याकडे तशी सोय गावात नाही, म्हणून शिकवणाऱ्याने स्वतःला शिस्त लावावी: एका बैठकीत एकच कौशल्य, आणि मूल पाण्यावर असताना मागून बोलायचं नाही. झालेली चूक नोंदवून ठेवा, ती नंतर दाखवा.

मला सर्वात उपयोगी पडलेला सराव अदलाबदलीचा. दोघांना शेजारच्या जागांवर दोन तास बसवायचं, वजन करायचं, मग जागा बदलून पुन्हा दोन तास. मासा जागेमुळे लागत होता की हातामुळे, ते दोघांनाही डोळ्यांनी दिसतं. "माझी जागाच वाईट होती" हे वाक्य त्यानंतर फारसं ऐकू येत नाही.

प्रत्येकाची वही हवी. तारीख, जागेचा क्रमांक, वारा, खोली, पहिला मासा कितव्या मिनिटाला, दर अर्ध्या तासाला किती, काय बदललं आणि बदलल्यावर काय झालं. आणि खाली एक ओळ: गळ पाण्यात किती वेळ होता. त्या चोपड्याच्या मुलाची पहिली नोंद २ तास १० मिनिटांची आहे, आठवी ३ तास २५ मिनिटांची.

उठण्याआधी एक काम उरतं. सकाळी पुठ्ठ्यावर किती गळ होते ते वहीत लिहिलेलं असतं, आता परत मोजा. कमी असतील तर गवतात शोधा, तिथे गुरं चरतात. तंगुसाचा बोटभर तुकडासुद्धा उचलून खिशात घाला. हतनूरसारख्या पाण्यावर हिवाळ्यात लांबून पक्षी येतात आणि पायात गुंतलेला तंगूस त्यांना काढता येत नाही. चाऱ्याची बादली तलावात विसळू नका, उरलेला चारा संस्थेच्या माणसाला विचारून पाण्यात सोडा किंवा घरी गुरांना घाला.